वेळेवर बटण न दाबणारे सतरा जण

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात रत्ना देवतळेबद्दल एक तक्रार कायम असे. ही बाई जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघत नाही, तोंडाकडे बघते. कोणी घास डाव्या दाढेवरून उजव्या दाढेवर नेला तरी हिला कळतं. तिची मैत्रीण इशिता तर म्हणायची, "हिच्यासमोर पापड खायचा म्हणजे तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

तक्रारीत तथ्य होतं. रत्ना मूळची नागपूरची, दातांची डॉक्टर. धरमपेठेत तिचा एका खुर्चीचा दवाखाना होता आणि तो बरा चालत होता. लग्न झालं, शंतनूला अमेरिकेत काम मिळालं, आणि ती त्याच्यामागून इथे आली ती सात वर्षं घरात बसली. तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, आणि इथे दात बघायचे तर पुन्हा कॉलेजात जाऊन बसावं लागणार होतं. त्या सात वर्षांत तिचे हात नुसते शिवशिवत. घासलेली भांडी ती परत घासायची. मुलगी इला जेवायला बसली की तिच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून म्हणायची, "उघड. मीट. परत उघड." इला लहान होती तोवर तिला तो खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर ती म्हणू लागली, "आई, स्टॉप. इट्स वीअर्ड."

मग एकदाची परवानगी आली, आणि विद्यापीठाच्या दंतविभागात, जबड्याच्या सांध्याच्या आजारावर जिथे संशोधन चालतं तिथे, रत्नाला तंत्रज्ञाची नोकरी लागली. डॉक्टर म्हणून नाही. औषध लिहायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त मोजायचं. पण सदतिसाव्या वर्षी पुन्हा माणसाचा जबडा हातात आला, एवढंच तिला पुरे होतं.

आता ती त्रेचाळीस वर्षांची होती, आणि तिच्या प्रमुख डॉ. मॅकलॉरिन यांनी घेतलेल्या अभ्यासाचं मोजमाप जवळजवळ सगळं तिच्या अंगावर होतं. अभ्यासाचा प्रश्न साधा होता. जबड्याचा सांधा दुखतो म्हणून दवाखान्यात येतात त्यांत बायकाच जास्त. मग हा आजार झालेल्या पुरुषाचे आणि बाईचे चावण्याचे स्नायू एकसारखे वागतात की वेगळे? स्नायूची जाडी किती, तो आवळल्यावर जोर किती, दमतो कधी, आणि दाबल्यावर दुखायला लागतो कधी? त्यासाठी ऐंशी बायका आणि निदान चाळीस पुरुष हवे होते.

बायका सहा महिन्यांत पुऱ्या झाल्या. पुरुष येईनात. वर्षभरात चोवीस आले आणि गाडी तिथेच अडली. "पुरुषांना जबडा नसतो की काय," असं डॉ. मॅकलॉरिन एका बैठकीत वैतागून म्हणाल्या.

तेव्हा रत्नाला मंडळाची संक्रांत आठवली.

दर जानेवारीत शाळेचा हॉल भाड्याने घेऊन मंडळ संक्रांत करतं. तिळाच्या वड्या सुमेधाकाकू करतात, आणि त्या चिक्कीच्या गुळाच्या असल्यामुळे दगडासारख्या होतात. दरवर्षी सगळे त्यावर विनोद करतात आणि दरवर्षी काकू तशाच करतात. रत्ना त्या वर्षी वड्यांच्या टेबलापाशी उभी राहिली. ती स्वतः वडी द्यायची आणि बघत राहायची. कोणी कडाकडा चावून टाकली. कोणी हातानेच तुकडे केले. कोणी गालात धरून चघळत बसला. एका गृहस्थांनी चावायला तोंड उघडलं आणि त्यांची हनुवटी वाटेत किंचित डावीकडे वळून मग सरळ झाली. रत्ना टेबल सोडून त्यांच्या मागे गेली.

"काका, तुम्हाला जांभई देताना कट्ट असा आवाज येतो ना?"

"येतो की. बारा वर्षं येतोय. तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या वडीने."

संक्रांत, मग होळीचं जेवण, मग पाडवा. तीन कार्यक्रमांत तिने सतरा पुरुष धरून आणले. शंतनू घरी तिची टर उडवायचा. "लोक कार्यक्रमाला गाणं ऐकायला जातात यार, ही दाढा मोजायला जाते." पण चोवीस आणि सतरा मिळून एक्केचाळीस झाले. डॉ. मॅकलॉरिन यांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की लेखावर रत्नाचं नाव येईल. चौथं का होईना, पण छापील. ती बातमी तिने नागपूरला आईला फोन करून सांगितली आणि लगेच तिलाच कसंतरी झालं. उगाच आधी सांगितलं असं वाटून ती दिवसभर घरात येरझारा घालत राहिली.

सतरांतले शेवटचे मनोहरकाका. सुमेधाकाकूंचे यजमान. मूळचे सांगलीकडचे, वय त्रेसष्ट, जवळच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगच्या विभागावर देखरेख करायचे. त्यांनी स्वतःच्या बायकोने केलेली वडी कागदात गुंडाळून खिशात ठेवली होती, तेव्हाच रत्नाने त्यांना हेरलं होतं. ते मात्र पाडव्यापर्यंत हो म्हणेनात. शेवटी काकूंनीच गाडीत घालून आणलं आणि तपासणीच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

काकांचं तोंड सत्तावीस मिलिमीटर उघडलं. तिथे साधारण चाळीस तरी हवं. रत्नाने गालावर आणि कानशिलावर वायरीच्या चिकट टिकल्या लावल्या आणि म्हणाली, "दात आवळा, काका. जोरात." पडद्यावरची रेघ उसळली आणि थोड्याच सेकंदांत ढेपाळली. स्नायू दमलेला होता, स्पष्ट दिसत होतं. मग दाब मोजायचं यंत्र. पिस्तुलासारखी मूठ, पुढे रबराचं गोल टोक. ते गालावर हळूहळू दाबत न्यायचं, आणि दाबाचं दुखणं झालं त्या क्षणी माणसाने हातातलं बटण दाबायचं.

काकांनी बटण दाबलंच नाही. यंत्राची मर्यादा आली आणि रत्नानेच थांबवलं. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दुखलं का काका?"

"छे गं. दाबल्यावर दाबल्यासारखं वाटणारच. पुढे चल."

दुसरा गाल, तेच. महिन्याभरातलं दुखणं शून्य ते दहामध्ये सांगा म्हटल्यावर ते छताकडे बघत म्हणाले, "लिही दोन." रत्नाने लिहिलं दोन. दमलेला स्नायू आणि न दुखणारा गाल यांचा मेळ बसत नाही, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण बाहेर पुढचा माणूस थांबला होता.

अभ्यासाचा दुसरा टप्पा उपचारांचा होता. ज्यांचं दुखणं ठरावीक आकड्याच्या वर, त्यांना दातांवर बसवायची पट्टी आणि सहा महिने जबड्याचे व्यायाम मिळणार होते. काकांचं नाव त्या यादीत बसलं नाही. यादी मे महिन्यातल्या एका शुक्रवारी बंद होणार होती.

त्या आठवड्याच्या सोमवारी रत्ना काकूंकडे मंडळाची पातेली परत द्यायला गेली. काका कामावर होते. स्वयंपाकघरात मिक्सरच्या भांड्यात पोळी, वरण आणि भाजी एकत्र घातलेली होती.

"हे कोणासाठी, काकू?"

"ह्यांच्यासाठी. दुसरं कोण आहे घरात?" काकूंनी मिक्सर फिरवला आणि थांबवला. "जानेवारीपासून असंच चाललंय. अकरा किलो उतरले. कारखान्यातले लोक विचारतात, डाएट करता का. हे हो म्हणतात."

"पण काकू, त्यांनी मला दोन सांगितलं. आणि बटण तर एकदाही दाबलं नाही."

काकूंनी मिक्सरचं झाकण काढलं. "कसं दाबतील? तूच म्हणालीस ना त्यांना, सहन करा हं काका. मग केलं त्यांनी."

"मी कधी म्हणाले?"

"दर वेळी. ते टोक गालाला लावलंस की म्हणायचीस. मी तिथेच तर बसले होते."

रत्ना पातेली तिथेच ठेवून निघाली. गाडीत बसल्यावर तिला आपला आवाज ऐकू यायला लागला. थोडं सहन करा हं काका, झालंच आता. नागपूरच्या दवाखान्यात इंजेक्शनची सुई हातात घेतली की आपोआप तोंडात यायचं ते वाक्य. कोणीच डॉक्टर ते न म्हणता सुई टोचत नाही. अभ्यासाच्या कागदावर मात्र छापील वाक्य होतं, दाबाचं दुखणं झालं की लगेच बटण दाबा, आणि ते जसंच्या तसं वाचायचं अशी सक्त ताकीद होती. अमेरिकन माणसांसमोर तिने ते वाचलंही होतं. आपल्या माणसांसमोर कागद बाजूला राहिला, आणि ती मराठीत, घरच्यासारखं बोलत गेली.

आणि त्याहून वाईट गोष्ट तिच्या सिग्नलला थांबल्यावर लक्षात आली. ऐंशी बायकांत सहा मराठी होत्या. त्यांना ती काय म्हणाली होती? दुखलं की लगेच सांगा हं ताई, अजिबात अंगावर काढू नका. बायकांना सांगा आणि पुरुषांना सहन करा. नागपूरलाही ती असंच म्हणायची. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कुठे तिने गाडी पुढे घेतली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने सगळे कागद काढले. चोवीस पुरुषांचे आकडे एकीकडे, सतरांचे एकीकडे. सतरांपैकी अकरा जणांनी बटण दाबलंच नव्हतं, आणि बाकीच्या सहांनी यंत्राच्या अगदी टोकाशी. लेखात पुरुष आणि बायका यांच्या दुखण्यात जो मोठा फरक दिसत होता, त्यातला किती स्नायूंचा आणि किती आपल्या जिभेचा, हे तिला सांगता येईना. डबा न उघडताच परत घरी गेला.

"एका माणसासाठी सतरा आकडे उडवणार?" संध्याकाळी शंतनू म्हणाला. "मनोहरकाकांना एकट्यांना परत बोलाव. नीट विचार. नवा आकडा लिही. विषय संपला."

"आणि बाकीचे सोळा?"

"बाकीचे सोळा पोळी चावून खातायत ना? मग."

इला सोफ्यावर फोन बघत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आई, जस्ट टेल युअर बॉस. यू आर वॉकिंग इन सर्कल्स."

रत्ना खरंच टेबलाभोवती फिरत होती. ती बसली, आणि दोन मिनिटांनी परत उठली.

शंतनूचा सल्ला तिला पटला नव्हता, पण सोपा होता म्हणून बुधवारी ती काकांकडे गेली. काका मागच्या अंगणात मिरचीच्या रोपांना काठ्या बांधत होते.

"काका, तुमची तपासणी परत करायची आहे. या वेळी जरा दुखलं की लगेच बटण दाबायचं."

"मागच्या वेळी चुकलं का काही?"

"तुम्ही दाबलंच नाही."

"दाबण्यासारखं झालं नाही म्हणून."

"काका, तुम्ही चार महिने मिक्सरमधलं खाताय."

काकांनी सुतळीची गाठ आवळली. "सुमेधाच्या पोटात काही राहत नाही." मग पुढची काठी उचलून, "हे बघ रत्ना, तू सांगतेस म्हणून मी खोटं बटण दाबायचं?"

"खोटं नाही हो. खरं."

"तू म्हणतेस तेव्हा दाबलं तर ते तुझं झालं, माझं कसं?" ते हसायला गेले आणि अर्ध्यात थांबले, जबडा अडकल्यामुळे. एकदम पाठमोरे होऊन ते रोपांमागे वाकले. "आणि तू सुनेच्या जागी. तुझ्यापुढे मी तोंड वेडंवाकडं करून बसू? चहा घेणार का?"

रत्नाने चहा घेतला. काकांचं म्हणणं तिला बोचत राहिलं, कारण ते बरोबर होतं. शिकवून दाबायला लावलेलं बटण म्हणजे दुसरी चूक. हाताच्या अंतरावर माणूस दुखणं गिळत उभा आहे, आणि आपण चहाचं कौतुक करतोय. यादी बंद व्हायला दोन दिवस होते.

गुरुवारी सकाळी ती डॉ. मॅकलॉरिन यांच्या दारासमोरून तीनदा गेली. चौथ्यांदा आतूनच हाक आली. "रत्ना, आत ये, नाहीतर जमिनीला भोक पडेल."

तिने सगळं सांगितलं. वाक्य, काका, मिक्सर, सतरा कागद, सहा बायका. सांगताना तिचं इंग्रजी अडखळत होतं. ते वाक्य तिने आधी मराठीत म्हटलं आणि मग त्याचा अर्थ सांगितला. डॉ. मॅकलॉरिन यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुझ्या लक्षात कधी आलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे."

"हो."

मग त्या म्हणाल्या, "सतराही जण परत मोजायचे. सहा बायकाही. तू नाही मोजायचं. डॅरेल मोजेल, छापील वाक्य वाचेल, आणि एक शब्द जास्त बोलणार नाही. जे येणार नाहीत ते अभ्यासातून बाहेर. लेख या वर्षी जात नाही." चष्मा परत घालून त्यांनी दिनदर्शिका ओढली. "तुझ्या त्या काकांना उद्या सकाळी आठला आणता येईल?"

डॅरेल हा पूर्वी सैन्यात दवाखान्याचं काम केलेला, सहा फूट उंच, मितभाषी माणूस. शुक्रवारी आठ वाजता काका आत गेले आणि दार बंद झालं. या वेळी काकूंनाही आत घेतलं नाही. काकू आणि रत्ना बाहेरच्या बाकावर बसल्या. म्हणजे काकू बसल्या. रत्ना पाण्याच्या नळापर्यंत जाऊन येत होती.

"बस गं. तू बाळंतपणाला आल्यासारखी काय फिरतेस?"

"काकू, त्यांनी आजही नाही दाबलं तर?"

"तर नाही दाबलं. घरी मिक्सर आहेच." पण काकूंनीही पर्सची चेन चार वेळा उघडली आणि लावली.

वीस मिनिटांनी काका बाहेर आले. चेहरा उतरलेला, डोळे लाल. रत्नाकडे न बघता ते काकूंना म्हणाले, "चल." मग दारापाशी थांबून म्हणाले, "बरा माणूस आहे. काही विचारत नाही."

डॅरेलने कागद आणून दिला. रत्नाने आकडा पाहिला आणि परत पाहिला. टोक गालाला जेमतेम टेकलं होतं तेव्हाच बटण दाबलेलं होतं. दोन्ही गालांवर, प्रत्येक वेळी. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, या प्रश्नासमोर काकांनी स्वतःच्या हाताने आठ लिहिलं होतं. आधी नऊ लिहून खोडलेलं दिसत होतं. दुपारी चारला यादी बंद झाली तेव्हा त्यात त्यांचं नाव होतं.

उरलेल्या सोळांपैकी नऊ जण आले. सात जणांनी येणार नाही म्हणून सांगितलं, त्यांतल्या दोघांनी तर जरा रागानेच. "एकदा दुखत नाही म्हटलं ना?" असं एक जण मंडळाच्या सभेत तिला म्हणाला, आणि तेव्हापासून तो तिच्या टेबलावरचं काही घेत नाही. पुरुषांची संख्या चौतीसवर आली. चाळीस पुरे करायला आणखी वर्ष लागेल असं डॉ. मॅकलॉरिन म्हणाल्या. रत्नाच्या नावाचा विषय त्यांनी परत काढला नाही आणि रत्नानेही नाही. नागपूरहून आई विचारते, छापून आलं का, तेव्हा ती म्हणते, वेळ लागतो अशा गोष्टींना. पुरुषांचं मोजमाप आता डॅरेल करतो. उपचारांना येणाऱ्या बायकांचं रत्नाच करते, पण छापील कागद समोर धरून, आणि समोर मराठी बाई असली तरी इंग्रजीतच. त्या बायकांना ते तुटक वाटतं. एकीने काकूंपाशी तसं बोलूनही दाखवलं.

काकांचे व्यायाम दर गुरुवारी दहा वाजता असतात. पहिल्या गुरुवारी रत्ना कागद घेऊन त्या खोलीवरून जात होती. दार अर्धवट उघडं होतं. काका खुर्चीत वाकून बसले होते, दोन्ही हातांनी गाल धरून, डोळे मिटून, आणि कण्हत होते. अगदी मोकळेपणाने, लहान मुलासारखे. डॅरेल बाजूला स्टुलावर बसून नुसता ऐकत होता. तेवढ्यात काकांनी डोळे उघडले आणि त्यांना दारात रत्ना दिसली. त्यांचे हात गालांवरून झटकन खाली आले. ते ताठ बसले, शर्ट नीट केला.

"काय रत्ना, सगळं ठीक ना?"

"ठीक, काका. तुमचं?"

"एकदम."

रत्ना पुढे गेली. तेव्हापासून दर गुरुवारी, दहा वाजायच्या सुमाराला तिला पलीकडच्या विभागात कागद पोचवायचे असले, की ती त्या बोळाने जात नाही. एक जिना उतरून, तळमजल्यावरून पूर्ण वळसा घालून, दुसऱ्या जिन्याने वर येते. चार मिनिटं जास्त लागतात. ती भराभर चालून काढते.